बदलीवाल्याचा दिनार

२४ सप्टेंबर २०२३ चा रविवार ऐन गणपतीत आला होता. चतुर्थी होऊन पाच दिवस झालेले, विसर्जनाला चार दिवस उरलेले. लालबागमध्ये राजाच्या रांगा लागल्या होत्या. नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ज्यांना रांगच लागत नाही त्यांची वाट तिसरी. त्याच दिवशी दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये आणि शहरातल्या इतर कॅथलिक चर्चमध्येही मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायाचं वाचन होतं. कॅथलिकांचं रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. त्या चक्रात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, आणि त्या वर्षी तो राजाच्या रांगेसमोर येऊन उभा राहिला.

मी ख्रिस्ती नाही. पण हा दाखला मला कधी परदेशातला वाटला नाही.

गोष्ट साधी आहे. एक मळेवाला पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर आणतो. दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची रोजी. मग तो सकाळी नऊच्या सुमारास पुन्हा जातो, दुपारी बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरला असताना शेवटची फेरी मारतो, तर तिथे अजून माणसं उभी. दिवसभर नुसते का उभे राहिलात, असं तो विचारतो. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते सांगतात. तो त्यांनाही मळ्यात पाठवतो. संध्याकाळी शेवटी आलेल्यांपासून वाटप सुरू होतं आणि प्रत्येकाच्या हातावर दिनारच पडतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. मळेवाला त्यांना सांगतो की ठरलेलं तुम्हाला मिळालं आहे, आणि माझ्या पैशाचं काय करायचं ते मी ठरवीन.

प्रवचनात याचा अर्थ बहुधा देवाची कृपा असा लावला जातो. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण गिरणगावात वाढलेल्या माणसाला यात आधी मजुरी दिसते. माझे वडील बदलीत होते. बदली कामगार म्हणजे गिरणीच्या दाराशी रोज हजर राहायचं आणि कायम माणसाचा खाडा पडला तरच आत जायचं. पहिल्या पाळीला नाही तर दुसरीला, तिथेही नाही तर रातपाळीला. पूर्वी हा दरवाजा मुकादमाच्या हातात असे आणि त्याला दस्तुरी चारल्याशिवाय उघडत नसे. १९३५ मध्ये मालकांच्या संघटनेनं बदली कार्डं काढली, त्यानं मुकादमाचा जोर थोडा कमी झाला. उभं राहणं मात्र संपलं नाही. वडिलांचा डबा सकाळी घरातच उघडला गेला, की आज काम नाही हे आम्हा पोरांना न सांगता कळायचं.

म्हणून मला त्या दाखल्यातली शेवटची माणसं आळशी कधीच वाटली नाहीत. संध्याकाळपर्यंत उभं राहणं हेसुद्धा कष्टच आहेत; फक्त ते मस्टरवर चढत नाहीत. मळेवाल्यानं त्यांना एका तासाचे पैसे दिले असते तर हिशेब चोख झाला असता, पण त्या रात्री त्यांच्या घरी चूल अर्धीच पेटली असती. पोट तासांवर चालत नाही. खानावळवाल्या बायकांना हे चांगलं ठाऊक होतं. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या बोलीवर, उधारीवर जेवू घालत. कायम कामगाराला चार चपात्या आणि बदलीवाल्याला दोन, असा हिशेब त्यांच्या पंक्तीत नव्हता. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठीच, कारण दुसऱ्यांची पोटं सांभाळणाऱ्या या बायका स्वतः सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. शुभवर्तमानातल्या मळेवाल्याकडे निदान मळा तरी होता.

हाच दाखला गिरगावच्या रस्त्यावर एकदा विकला गेला आहे, तोही बंदी असलेलं पुस्तक म्हणून. जॉन रस्किननं १८६० मध्ये अर्थशास्त्रावर निबंध लिहिले आणि त्यांचं नाव या दाखल्यातल्या शब्दांवरून ठेवलं. हे पुस्तक गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना आगगाडीत वाचलं आणि पुढे त्याचा गुजराती गोषवारा लिहिला. त्याला नाव दिलं ‘सर्वोदय’. मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. ६ एप्रिल १९१९ ला, रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या दिवशी, लोक सकाळी चौपाटीवर समुद्रस्नान करून ठाकूरद्वारला मिरवणुकीनं गेले. संध्याकाळी गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून बंदी असलेली पुस्तकं विकायला निघाले. त्यांत ‘हिंद स्वराज्य’ होतं आणि ‘सर्वोदय’ही. चार आण्यांचं पुस्तक लोकांनी खिशात असेल ते देऊन घेतलं. एका प्रतीला पन्नास रुपये आल्याची आठवण गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. सर्वोदय हा शब्द आपण इतका खादीधारी करून टाकला आहे, की तो नाक्यावर ताटकळणाऱ्या मजुरांच्या गोष्टीतून आला हे आपल्या लक्षातही राहिलेलं नाही.

आता दाखल्यातली अडचणीची जागा. मळेवाल्याचं शेवटचं म्हणणं मला बरीच वर्षं खुपत होतं. माझ्या मालकीचं आहे, मी वाटेल ते करीन, हे म्हणणं आम्ही दुसऱ्या तोंडूनही ऐकलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. त्यांचं पुढे काय झालं ते गिरणगावाला सांगायला नको. राहिली ती गिरण्यांची जमीन, सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं तिचे साधारण तीन वाटे केले होते: शहराच्या मोकळ्या जागांना एक, म्हाडाच्या घरांना एक, मालकाला एक. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची असं ठरलं. शेड उभी होती तेवढी जमीन हिशेबातून गळली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम केला. जमीन आमची, आम्ही पाहू काय करायचं ते. वाक्य जवळपास तेच होतं.

मग दोघांत फरक काय? पुष्कळ विचारानंतर माझ्या ध्यानात आलं की मळेवाल्याकडे कारभारी आहे. संध्याकाळचं वाटप तो कारभाऱ्याकडूनच करवून घेतो. बाजारात मात्र पाचही वेळा तो स्वतः जातो. कुणाला काम मिळालं नाही हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यांना तोंडानं विचारलं आहे. मालकीचा हक्क तो सांगतो तो हात सैल सोडण्यासाठी. आमच्याकडे तोच हक्क मूठ आवळण्यासाठी सांगितला गेला. शब्द तेच असून एकाला उदारपणा म्हणावं आणि दुसऱ्याला लूट, हा भेद कायद्याच्या भाषेत मावत नाही. तो नाक्यावर उभं राहूनच कळतो.

आणि कुरकुरणारे? त्यांच्याबाबत गिरणगाव दाखल्यापेक्षा सरस ठरलं, असं मी अभिमानानं म्हणतो. १९८२ च्या मागण्यांमध्ये पगारवाढ होती तशीच बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही होती. पहाटे आलेले मजूर संध्याकाळी आलेल्यांसाठी भांडत होते. हरले, ही गोष्ट वेगळी.

हरल्यानंतर त्यांच्या वाट्याला काय आलं? २८ जून २०१२ ला म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. घरं ६,९२५. अर्ज सुमारे दीड लाख. एकेका घराची किंमत साडेसात लाख रुपये, तीही भरायची. मळेवाल्यानं प्रत्येकाला दिनार दिला; सरकारनं दिनाराची चिठ्ठी काढली. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांच्याबद्दल मला आनंदच आहे. उरलेल्यांतले किती जण वाट पाहता पाहता गेले आणि अर्ज मुलांच्या नावावर चढले, ते लालबागच्या कुठल्याही चाळीत विचारावं.

आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, या उत्तराला महाराष्ट्रानं एकदा मनापासून प्रतिसाद दिला होता. १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली वि. स. पागे यांची रोजगार हमी कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. मागेल त्याला काम, हे तिचं सूत्र. पण ती खेड्यापुरती. मुंबईच्या नाक्यावर थापी आणि घमेलं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला असं काम मागण्याचा हक्क नाही. त्याच्याशेजारी आता आणखी एक जण उभा असतो. फिनिक्स मिलच्या जागी झालेल्या मॉलबाहेर दुचाकीला टेकून, मोबाइलकडे डोळे लावून. त्याचा मुकादम त्या मोबाइलच्या आत बसला आहे आणि त्याला दस्तुरीही चारता येत नाही. ऑर्डर आली तर पैसे; ताटकळण्याचे काही नाहीत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याला ‘गिग कामगार’ असं नाव मिळालं. आमच्याकडे त्याला बदलीवाला म्हणत.

लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. पेरू चाळीतला बाजार बंद झाला तेव्हा इथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि गणपती बसला. राजाचा पहिला नवस असा रोजगाराचा होता. तीन वर्षांचं चक्र फिरून द्राक्षमळ्याचं वाचन पुन्हा येतं ते २० सप्टेंबर २०२६ च्या रविवारी. तो गणपतीचा सातवा दिवस आहे.