पाहणाऱ्यालाही पडदा असावा काय?

आमच्या नातवाने गेल्या उन्हाळ्यात एक उडते यंत्र विकत घेतले. चार महिने सुपरमार्केटात फळ्यांवर डबे मांडून त्याने पैसे साठवले होते, त्यामुळे घरात कोणी नको म्हणू शकले नाही. इंग्रजीत त्याला ड्रोन म्हणतात, इकडे हिब्रूत 'रखफान'. शब्द नवा, पण धातू फार जुना. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, दुसऱ्याच ओवीत, पाण्यावर देवाचा आत्मा वावरत होता असे जे वर्णन आहे, तेथे मूळ हिब्रूत याच धातूचे रूप आहे. यंत्र मात्र तळहातावर मावेल एवढेच. वजन २४९ ग्रॅम. २५० ग्रॅमच्या आत राहिले की पुष्कळ देशांत नियमांतून सवलत मिळते, म्हणून कारखानदार हिशेबाने एक ग्रॅम कमी ठेवतात, असे नातवाने सांगितले. कारखानदार कोठलेही असोत, वाण्याचा तराजू सगळीकडे सारखाच!

पहिल्या आठवड्यात त्याने आम्हांला गावाबाहेरच्या टेकड्यांचे चित्रण दाखवले. चाळीस वर्षांहून अधिक काळ आम्ही या टेकड्या खालून पाहत आलो. वरून त्या वाळत घातलेल्या गोधडीसारख्या दिसतात हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही मनापासून कौतुक केले. मग यंत्र परत फिरले आणि वस्तीवरून आले. वस्तीवरून उडवायचे नसते हे त्याला माहीत होते, पण बॅटरी संपत आली होती म्हणे. वाटेत एका गच्चीवर आमच्या ओळखीच्या एक बाई दिसल्या. त्यांचे मालक जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांच्यासमोर एक रिकामी खुर्ची होती आणि बाई त्या खुर्चीशी बोलत होत्या, हातवारे करून, भांडल्यासारखे. मग डोक्यावरचा रुमाल ओढून त्यांनी त्यात तोंड लपवले. सगळे मिळून वीस-बावीस सेकंद. दुखवट्याच्या सात दिवसांत या बाईंनी कोणासमोर डोळा ओला केला नव्हता, आणि आम्ही सगळ्या 'काय धीराची बाई' म्हणून परतलो होतो.

नातवाने ते पाहिलेच नव्हते. उडवताना त्याचे लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे. उडवणाऱ्याने पाहिले नाही ते यंत्राने पाहिले आणि साठवून ठेवले. आम्ही एवढेच म्हणालो, "हे पूस." तो म्हणाला, "आजी, कोण पाहणार आहे?" आम्ही म्हणालो, "आम्ही पाहिले ना!"

गंमत अशी की त्याच शुक्रवारी रात्री जेवताना हाच मुलगा संतापलेला होता, आणि तो स्वतःच्या खासगीपणाबद्दल. यंत्र चालवायला फोनवर एक ॲप घ्यावे लागते; ते आधी खाते उघडा म्हणते, मग तुम्ही कोठे उभे आहात ते सांगा म्हणते. प्रत्येक उड्डाणाची नोंदवही त्यात आपोआप लिहिली जाते: कोठून उडाले, किती उंच गेले, किती वेगाने, कोठे उतरले, किती वाजता. ज्या जागेवरून उडाले ती 'घर' म्हणून नोंदली जाते, आणि हौशी मुलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरेच घर असते. ही वही कोणाकडे जाते, कोण वाचतो, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो पोरकट नव्हता. या धंद्यात सर्वांत मोठी असलेली डीजेआय ही कंपनी चीनमधल्या शेन्झेन शहरातली, २००६ साली सुरू झालेली. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने याच काळजीपोटी तिची यंत्रे वापरणे थांबवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी कंपनीने इंटरनेटशी संबंध तोडून उडवण्याची सोय दिली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या नोंदवह्या आपल्याकडे घेणेच बंद केले.

हे झाले कारखान्याचे. सरकारचे आणखी निराळे. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ पासून असा नियम आहे, आणि मार्च २०२४ पासून त्याची अंमलबजावणीही होते, की नोंदणी लागणाऱ्या प्रत्येक ड्रोनने उडताना आपली ओळख रेडिओवरून सतत पुकारत राहायचे. मी अमुक क्रमांकाचे यंत्र, अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर. एवढ्यावर थांबत नाही. मला चालवणारा माणूस अमुक जागी उभा आहे, हेही पुकारायचे. जवळपासच्या कोणालाही साध्या फोनवर हे ऐकता येते. चालवणाऱ्याचे नाव त्यात नसते, ते सरकारदरबारी असते. पण नाव कशाला हवे? चिडलेला शेजारी काठी घेऊन निघाला तर त्याला पत्ता पुरेसा आहे. एका हौशी मंडळींच्या दुकानदाराने याविरुद्ध दावा केला, तेव्हा जुलै २०२२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले की उघड्या आकाशात यंत्र उडवणाऱ्याने आपण कोठे उभे आहोत हे गुपित राहील अशी अपेक्षा धरू नये. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या बोखुम येथील संशोधकांनी दाखवले की त्या चिनी यंत्रांतून चालवणाऱ्याची जागा सांगणारा असाच एक संदेश कोणत्याही कुलपाशिवाय जात असतो.

हे ऐकून आमची पहिली प्रतिक्रिया वाचकांची होईल तीच झाली. चोराच्या उलट्या बोंबा! दुसऱ्याच्या गच्चीत डोकावतोस आणि कोणी तुझ्याकडे पाहिले तर ओरडतोस होय? तसे आम्ही बोललोही. पण रात्री झोप लागेना, आणि बोललेले तितकेसे खरे वाटेना. चोराच्या घरी चोरी झाली तर ती चोरी नव्हे काय?

आमचे लहानपण मुंबईत चाळीत गेले. एका मजल्यावर बारा बिऱ्हाडे, एकच सज्जा, नळ सामाईक, संडास सामाईक. हल्लीची मुले ज्याला खासगीपणा म्हणतात तो तेथे फूटभरही नव्हता. कोणाकडे भाजी कसली, कोणाच्या नवऱ्याने काल रात्री किती घेतली, सगळ्यांना सगळे ठाऊक. तरीही आमच्या आया-आज्या अब्रूने राहिल्या. ते कसे जमले? एक तर पाहून न पाहिल्यासारखे करण्याची रीत होती. शेजारीण रडत असेल तर सज्जातून जाणारा मान वळवून जायचा आणि मुद्दाम खाकरायचा. दुसरे असे की पाहणाराही दिसत असे. तू माझ्या दारात डोकावलास तर मी तुझे डोकावणे पाहिले, उद्या नळावर गाठ आहेच! यंत्राला खाकरता येत नाही, आणि त्याच्यामागचा माणूस दिसत नाही. अडचण आहे ती येथे.

आमच्या सिनेगॉगमधल्या एका अभ्यासू गृहस्थांना आम्ही हे विचारले (बाईंची गोष्ट सोडून). त्यांनी आम्हांला बाबा बात्राची पाने काढून समजावले. तालमूदमध्ये 'हेझेक रेइया' म्हणून एक कल्पना आहे, म्हणजे नुसत्या पाहण्याने होणारे नुकसान. सामाईक अंगणात शेजाऱ्याच्या खिडकीसमोर खिडकी पाडू नये, दारासमोर दार काढू नये, हे मिश्नातच आहे. पण आम्हांला चकित केले ते गच्चीच्या निवाड्याने. ज्याची गच्ची शेजाऱ्याच्या अंगणाला लागून आहे त्याने चार हात उंचीचा कठडा घालावा, असे शमुएल यांचे मत. म्हणजे जवळजवळ पुरुषभर. कारण काय दिले आहे? अंगणात माणूस नेहमी वावरतो, गच्चीवर कधीतरी चढतो. अंगणवाला म्हणू शकतो की तू केव्हा वर येशील हे मला कळत नाही, मग मी स्वतःला झाकू केव्हा? पंधराशे वर्षांहून जुना ग्रंथ, आणि जणू आमच्या नातवाच्या यंत्रावरच वाद चालला आहे!

आता या देशातला कायदा. आम्ही १९८१ साली येथे आलो, आणि खासगीपणाच्या रक्षणाचा येथला कायदाही त्याच सालचा. खासगी जागेत असलेल्या माणसाचे छायाचित्र घेणे हा त्यात भंग मानला आहे. १९९२ च्या मूलभूत कायद्याने त्याला आणखी बळ दिले, आणि ऑगस्ट २०२५ पासून माहिती साठवणाऱ्यांवरची बंधने पुष्कळ कडक झाली आहेत. गच्ची खासगी की सामाईक यावर वकील भांडतील. ऑक्टोबर २०२३ पासून तर डोक्यावर घरघर ऐकली की येथली माणसे आधी आसऱ्याची खोली किती पावलांवर आहे ते पाहतात. कोण चित्र काढतो आहे हा विचार मागाहून. अशा ठिकाणी उडवणाऱ्याने आपली ओळख सांगू नये, हे आम्हांला तरी पटत नाही.

पण ओळख कोणाला सांगावी आणि किती? आमच्या धंद्यातले उदाहरण देतो. अडतीस वर्षे आम्ही परिचारिका होतो. लोकांना त्यांच्या बायकामुलांनी पाहिले नाही अशा अवस्थेत आम्ही पाहिले. मुंबईत शिकत असताना आमच्या मेट्रन चाकांचा पडदा ओढल्याशिवाय स्पंजिंगच्या पाण्याला हात लावू देत नसत. रोगी बेशुद्ध असला तरी पडदा हवाच. "त्याला कळत नाही, पण तुम्हांला कळते ना?" असे त्या म्हणत. आणि आमच्या छातीवर नावाची पट्टी असे. ज्याला आम्ही उघडे पाहतो त्याला आम्ही कोण हे कळलेच पाहिजे. त्या पट्टीवर आमच्या घरचा पत्ता नव्हता. रात्रपाळी संपवून आम्ही कोणत्या बसने जातो हे त्यावर लिहिले असते तर एकीनेही ती लावली नसती, आणि तसे करणे योग्यच ठरले असते. पत्ता कचेरीत होता. तक्रार असेल त्याने तेथे जावे. नातवाची आणि त्याच्या अमेरिकेतल्या भाईबंदांची तक्रार या जागी आम्हांला रास्त वाटते. दुसऱ्याला पाहणाऱ्याने स्वतः पूर्ण लपू नये. पण म्हणून त्याच्या घराचा दरवाजा चौकात उघडा टाकावा, हेही बरोबर नाही. आणि त्याच्या उड्डाणांची वही परक्या देशातल्या कारखान्याने का वाचावी, याला तर आम्हांला काहीच उत्तर सापडत नाही. त्या वहीने बाईंच्या गच्चीचे रक्षण होत नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात आपल्याच समाजातली एक तरुण मुलगी आली होती. तिला फिट्स येत. आम्ही ते आमच्या नणंदेला बोललो, घरात, विश्वासाने, भाकऱ्या थापताना. महिन्याभरात त्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले. कोणी आमचे नाव घेतले नाही. कदाचित दुसऱ्या कोणाकडूनही गेले असेल, असे आम्ही कितीदा तरी मनाला सांगितले आहे. पुढे तिचे चांगले झाले; समारंभात भेटली की 'ताई' म्हणून हात धरते. तिला आम्ही आजतागायत सांगितलेले नाही. आम्ही तिचा केसपेपर पाहिला हा आमचा धर्म होता, त्यात काही वावगे नव्हते. तो केसपेपर आम्ही स्वयंपाकघरात नेला. म्हणून कारखाने जेव्हा म्हणतात की माहिती फक्त सेवा सुधारण्यासाठी घेतो, बाहेर देत नाही, तेव्हा आम्हांला ती भाकरी आठवते. आमचाही हेतू वाईट नव्हता.

चित्रण पुसायला नातवाला अख्खी संध्याकाळ लागली. यंत्रातल्या कार्डावर एक प्रत, फोनमध्ये आपोआप उतरलेली दुसरी जरा धूसर, आणि फोनातले सगळे कोठेतरी दूर साठवून ठेवण्याची जी सोय असते तेथे तिसरी. काही यंत्रांच्या पोटातही साठा असतो. विकताना लोक कार्ड काढतात आणि तो विसरतात. तिन्ही पुसल्यावर तो म्हणाला, "आता कोठेच नाही." आम्ही काही बोललो नाही. आमच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची होतीच.

बाईंना सांगावे की नाही यावर आम्ही पंधरा दिवस काढले. न सांगितले तर त्यांना दुःख नाही. पण मग त्या आम्हांला भेटत राहणार आणि त्यांना ठाऊक नसलेले आम्हांला ठाऊक असणार. त्या मुलीच्या बाबतीत हे ओझे आम्ही एवढी वर्षे वाहिले आहे. शेवटी नातवाला घेऊन गेलो. त्याने मान खाली घालून सगळे सांगितले. बाईंनी एकच विचारले, "कोणी कोणी पाहिले?" आम्ही म्हणालो, "आम्ही एकट्यांनी." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही काय, तुम्ही नर्स." आणि चहा टाकायला उठल्या.

त्यानंतर त्यांनी गच्चीच्या त्या बाजूला हिरवी जाळी बांधून घेतली. शिडी नातवाने धरली. हल्ली तो उडवण्याआधी खालच्या चार बिऱ्हाडांत सांगून येतो. एका घराने साफ नाही म्हटले आहे, तेव्हा त्या बाजूला तो जात नाही. खाते त्याने बंद केले नाही, पण इंटरनेट तोडून उडवतो.

हा मजकूर छापण्यापूर्वी आम्ही बाईंना वाचून दाखवला. गच्चीवरची वस्तू आणि आणखी एक-दोन गोष्टी आम्ही आधीच बदलल्या होत्या, आणि संपादकांना विनंती करून लेखाखाली आमचे नावही घातलेले नाही. त्यांनी आणखी दोन ओळी काढायला सांगितल्या. त्या काढल्या आहेत.