दोषी ठरल्यानंतरचे ऐकणे

मानवत म्हटले की बाहेरच्या माणसाला कापसाच्या बाजारपेठेआधी तो खून खटलाच आठवतो. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात इथे दहा जीव गेले. त्यांत कोवळ्या मुली होत्या, एक तान्हे मूल होते. गुप्तधनाच्या लोभाने, मुंजाला रक्ताचा नैवेद्य म्हणून हे बळी दिल्याचा आरोप होता. त्या घरांचे दुःख पन्नास वर्षांनीही शिळे होत नाही.

खटला सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७७ साली न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेला 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा निकाल वकील आजही पुढे ठेवतात. साऱ्या मराठवाड्यात संताप होता, तरी न्यायालयाने पुरावा सैल केला नाही. नियम डावलून नोंदवलेले कबुलीजबाब बाजूला ठेवले. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला दुसरा आधार मागितला. पोलिसांनी बळाचा मोह टाळावा, हेही बजावले.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम २३५(२) आणले: आरोपी दोषी ठरला तरी किती शिक्षा द्यायची, यावर त्याचे म्हणणे आधी ऐकावे. हे ऐकणे नुसता उपचार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. खाली ती संधी मिळाली नसेल, तर वरचे न्यायालय ती स्वतः देऊ शकते.

या दोन पायऱ्यांना इंग्रजीत दोन शब्द आहेत. दोषी की निर्दोष हे ठरते तो 'व्हर्डिक्ट'. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'खरे बोललेले'. नंतर सुनावली जाते ती शिक्षा म्हणजे 'सेंटेन्स'. शाळेत आपण हाच शब्द 'वाक्य' या अर्थाने शिकतो. पण त्याच्या तळाशी लॅटिन 'सेंतिरे' आहे, म्हणजे जाणवणे, मनात मत बनणे. पहिल्या पायरीवर खरे काय ते शोधायचे. दुसरीवर एका माणसाचे वय, घर, परिस्थिती जाणून घ्यायची. कायद्याने या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

१९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा होता आणि कचेरीत उर्दू चाले. 'मुन्सफ' आणि 'इन्साफ' हे शब्द आपल्याकडे त्याच वाटेने रुळले. दोन्हींचे मूळ अरबी 'निस्फ', म्हणजे अर्धा भाग: दोन्ही बाजूंना सारखा वाटा देणारा तो मुन्सफ. मराठी 'निवाडा' तर निवडण्याशीच जोडलेला आहे, आणि निवडायला वेळ द्यावा लागतो. ज्या आईचे लेकरू गेले तिला हा वेळ क्रूर वाटेल. तिचे चुकत नाही. पण जन्मठेप की फाशी हे ठरवताना घाई झाली, तर ती चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

जुलै २०२४पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम २५८मध्ये हे ऐकणे कायम आहे. मानवतच्या मुलांना त्या खुनांच्या भीतिदायक कथा घरोघरी ऐकायला मिळतात. गुप्तधनाच्या नावाने कुणाचा बळी देणे हा निव्वळ खून आहे, हे त्यांना शाळेत ठणकावून सांगायला हवेच. त्याच तासाला १९७७चा निकालही सांगावा.