दारावरचा कॅमेरा कुठवर पाहतो

घरासाठी कॅमेरा घ्यायला गेलेला माणूस दुकानात साधारण तीन गोष्टी विचारतो. किती मेगापिक्सेलचा, रात्री दिसतं का आणि मोबाइलवर येतं का. दुकानदारही तेवढ्याचीच उत्तरं देतो, चौथी गोष्ट किमतीची निघते आणि दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन पोरगा हजर होतो. कॅमेऱ्यात कोण कोण येणार, ते चित्रण कुठे साठणार, किती दिवस राहणार आणि कोण बघणार, हे प्रश्न या व्यवहारात कुणी विचारत नाही. ते विचारायचं काम शेजाऱ्यावर येतं, तेही भांडण झाल्यावर. माझं म्हणणं असं की खरेदीला सुरुवातच या प्रश्नांनी करावी. कॅमेरा आपल्या पैशाचा असला तरी त्यात दिसणारी माणसं आपल्या मालकीची नसतात, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण अधिक व्यवहारी आहे: जो हे प्रश्न आधी विचारतो, त्याच्या घराची राखणही जास्त चांगली होते.

हे दुसरं विधान कुणाला शहाजोगपणाचं वाटेल, म्हणून त्यामागचं गणित मांडतो. सुरक्षा कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे अनोळखी माणसाचा चेहरा निःशंकपणे पटवायचा, तर चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल पडावे लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात, आणि कुणीतरी आहे एवढं समजायला २५. आपल्याकडे सर्रास बसतो तो दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे चेहरा पटवता येईल अशी चौकट जेमतेम साडेसात मीटर रुंद. या कॅमेऱ्याला बहुधा २.८ मिलिमीटरची लेन्स असते. ती शंभर अंशांहून थोडा जास्त कोन पाहते, त्यामुळे ही साडेसात मीटरची मर्यादा कॅमेऱ्यापासून तीनेक मीटरवरच संपते. त्यापुढचा रस्ता, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या, कोपऱ्यावरची टपरी हे सगळं पडद्यावर दिसतं आणि मालकाला बरंही वाटतं, पण उद्या चोरी झाली तर त्यातून चेहरा निघत नाही. निघतो तो एक करडा ठिपका. त्याच जागी ६ मिलिमीटरची लेन्स घेतली तर कोन जवळपास निम्मा होतो आणि सात-साडेसात मीटरवरच्या माणसाचं नाकडोळं नीट येतं. शिवाय कॅमेरा दहा-बारा फुटांवर खाली तोंड करून टांगला, तर टोपी घातलेल्या माणसाची फक्त टोपी मिळते. म्हणजे फाटक, जिना आणि उंबरा एवढ्यावरच रोखलेला, माणसाच्या उंचीच्या जरा वर बसवलेला कॅमेरा चोर पकडायला जास्त उपयोगी आणि शेजाऱ्यासाठी कमी उपद्रवी. इतका सोयीचा योग नीतीच्या वाट्याला क्वचित येतो.

कॅमेरे निरुपयोगी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. सार्वजनिक ठिकाणच्या कॅमेऱ्यांवर झालेल्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या जागी गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी झालेले त्यात आढळले. सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर दिसला, मालमत्तेच्या आणि वाहनांच्या चोऱ्यांत तो होता, मारामारी-हिंसेच्या गुन्ह्यांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. खांबावर नुसत्या टांगलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कुणी प्रत्यक्ष लक्ष ठेवत असेल आणि जोडीला दुसरे उपाय असतील, तर फायदा जास्त. हे आकडे घरच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे नाहीत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत: कॅमेरा थोडा उपयोगी असतो, तोही विशिष्ट जागी, आणि दिवा, कडी, कुलूप, वॉचमन यांची जागा घेत नाही. साठवणुकीचंही तसंच. एका कॅमेऱ्याचं चित्रण सेकंदाला दोन मेगाबिट धरलं तर दिवसाला एकवीस-बावीस जीबी होतात. चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांत जुन्यावर नवं चढतं. गावाला पंधरा दिवस गेलेल्या कुटुंबाला हे परत आल्यावर कळतं. चित्रण कोर्टात चालावं म्हणून २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइलवर पडद्याचं शूटिंग करून ग्रुपवर फिरवलेली क्लिप म्हणजे पुरावा नव्हे. ती गावगप्पा असते.

आता शेजाऱ्याकडे वळू. आपल्या इमारतींत पॅसेज अरुंद आणि दारं समोरासमोर असतात. एका दारावरचा कॅमेरा दुसऱ्याचं सेफ्टी डोअर, त्यामागचा हॉल आणि कधीकधी सोफ्यावर बसलेलं माणूसही टिपतो. त्या घरी किती वाजता कोण आलं, कोण रडत बाहेर पडलं, कुणाकडे औषधांची पिशवी आली, याची तारीख-वेळेसह नोंद समोरच्या घरातल्या डीव्हीआरमध्ये बसते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. पुढे २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, पण व्यक्तीने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेला डेटा त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, बारशाचा व्हिडिओ काढायला कुणी संमतीपत्र भरून घेऊ नये. मात्र शेजाऱ्याच्या दारावर चोवीस तास रोखलेला डोळा बारशाच्या व्हिडिओत मोडतो का, हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे आला तेव्हा त्याने २०१४ साली नाही असं उत्तर दिलं. प्रकरण चेक प्रजासत्ताकातलं. घराच्या खिडक्या फोडणाऱ्यांना पकडायला लावलेला कॅमेरा सार्वजनिक वाट आणि समोरच्या घराचं दार टिपत होता. हेतू रास्त होता, संशयित सापडलेही, तरी हा वापर निव्वळ घरगुती ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडे २०२५ साली कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच वास्तूत राहणाऱ्या भावांच्या वादात, तिथेच राहणाऱ्या दुसऱ्या भावाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. म्हणजे दिशा दिसते, पण रोजच्या पॅसेजसाठी नियम अजून स्पष्ट नाही. तोवर हे काम आपल्या विवेकावरच येऊन पडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कर नाही त्याला डर कशाला? म्हणीत खोट नाही, पण ती बोलणारा माणूस नेहमी कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असतो. रात्री अकराला कामावरून परतणाऱ्या तरुणीने कुठलाही गुन्हा केलेला नसतो. तरीही तिची क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर ‘हे बघा रोजचं’ म्हणून पडली, की तिला भाड्याचं घर सोडावं लागू शकतं. तिला भीती पोलिसांची नसते, बघणाऱ्याच्या मताची असते, आणि त्या मताला अपील नाही. बघणारा बळकट आणि दिसणारा दुबळा असेल, तिथे पाळतीचा अर्थ बदलतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत आवाजासह टिपणारे कॅमेरे लावायला सांगितलं, ते मला पटतं. तिथे सत्तेवर नजर आहे. सोसायटीत बहुधा उलटं असतं. भाडेकरू, पोरंटोरं, घरकाम करणाऱ्या बाया यांच्यावर नजर, आणि कमिटीच्या खोलीत कॅमेरा नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. रस्ता सार्वजनिक, गॅलरीत बसलेले आजोबा दिवसभर तोच रस्ता पाहतात, मग कॅमेऱ्याने पाहिलं तर बिघडलं काय? आजोबांना रस्त्यावरचा माणूसही पाहत असतो, तो मान वर करून ‘काय, जेवण झालं का’ विचारू शकतो. आजोबा विसरतात. डुलकीही घेतात. त्यांनी पाहिलेलं परत परत, हळू गतीने, मोठं करून, तिऱ्हाइताला दाखवता येत नाही. हाच फरक हौशी शूटिंगलाही लागू पडतो. वारीचं चित्रण करावं, जरूर करावं. पण पहाटे नदीवर अंघोळ करणाऱ्या किंवा ओल्या केसांनी पातळ सावरणाऱ्या बाईवर झूम करणाऱ्याने ‘जागा सार्वजनिक आहे’ असं सांगू नये. तिने ती जागा आडोसा नसल्यामुळे पत्करलेली असते.

आवाजाबद्दल तर आपण विचारच करत नाही. स्वस्त वाय-फाय कॅमेऱ्यात माइक आधीपासून चालू येतो. भिंतीला कान असतात ही म्हण आपण इतक्या सहज खरी केली आहे की तो बंद करायचा पर्याय मेनूत आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. ऑक्सफर्डच्या एका न्यायालयाने २०२१ मध्ये दारावरच्या घंटीतल्या कॅमेऱ्याच्या खटल्यात लांबवरचं बोलणं टिपणं हे चित्रणापेक्षाही जास्त आक्षेपार्ह मानलं. मला ते बरोबर वाटतं. चोर बोलत नाही, बोलतात शेजारी. त्याच मेनूत ‘प्रायव्हसी मास्क’ नावाची सोयही बहुतेक यंत्रांत असते. चित्राचा नको तो भाग, म्हणजे समोरचं दार किंवा खिडकी, काळ्या चौकोनाने झाकता येतो. पाच मिनिटांचं काम. बसवणाऱ्याला सांगितलं तर तो करतो, पण आपणहून करत नाही.

आपण चित्रण जपून वापरू, इतरांचं आम्ही कशाला पाहू, असं प्रामाणिकपणे म्हणणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण चित्रण त्यांच्या एकट्यांच्या हातात राहत नाही. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रणालीने जगभरच्या घरांतले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला फार काही करावं लागलं नाही, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या तिने लावून पाहिल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट काही तास अडवली. २०२३ मध्ये रिंग या कॅमेरा कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठपका ठेवला, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांचं खासगी चित्रण पाहता येत होतं. तडजोडीत कंपनीने ५८ लाख डॉलर मोजले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांच्या तपासणीचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातली माणसंही होती. त्या रुग्णालयाने कॅमेरा सुरक्षेसाठीच लावला असणार. मुद्दा असा की त्या खोलीत तो मुळात नसता, तर कितीही दुबळा पासवर्ड निभावला असता. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना सरकारमान्य सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा प्रमाणित कॅमेरा मागावा. शक्यतो चित्रण घरातल्या डिस्कवर किंवा कार्डावर ठेवावं. आणि बसवणारा गेल्यावर त्याने टाकलेला पासवर्ड त्याच संध्याकाळी बदलावा. पण हे सगळं दुसऱ्या पायरीवरचं. पहिली पायरी म्हणजे जे टिपायची गरज नाही, ते टिपूच नये.

घराच्या आत प्रश्न जास्त नाजूक होतो, कारण तिथे गरजही खरी असते. नोकरी करणाऱ्या आईला पाळण्यातलं बाळ पाहावंसं वाटतं, आणि ते सांभाळणाऱ्या ताईंचं वागणंही. दुकानात, बँकेत कर्मचाऱ्यांवर कॅमेरे असतातच की, असं यावर म्हटलं जातं. असतात, पण तिथे ते दिसतात, आणि कर्मचाऱ्याला जेवायला वेगळी जागा असते. घरकाम करणाऱ्या बाईची डबा खायची, पदर सोडून वारा घ्यायची, स्वतःच्या मुलाला फोन करायची जागा तेच स्वयंपाकघर असतं. तिथे लपवलेला कॅमेरा हा विश्वासघात आहे, मग त्यात काही सापडो न सापडो. कॅमेरा पाळण्यावर असावा, आणि कामाच्या पहिल्या दिवशी तिला तो दाखवावा. उद्या तिच्यावर बांगडी चोरल्याचा आळ आला आणि ती म्हणाली, ‘ताई, मंगळवारचं शूटिंग लावा’, तर ते लावायची तयारी मालकिणीची असली पाहिजे. एकाच बाजूने पाहता येणारा पुरावा मला मान्य नाही.

आणि म्हातारे आईवडील. साताऱ्याला दोघंच राहतात, मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत, आणि हॉलमधला गोल फिरणारा कॅमेरा त्याच्या फोनमध्ये. पडले तर कळावं ही काळजी खरी आहे. पण पडलेलं कळायला जमिनीचा पट्टा दिसणं पुरतं. वडील दुपारी काय खातात, आई कुणाशी काय बोलते हे कळायची गरज त्यात येत नाही, आणि एकदा दिसायला लागलं की ‘बाबा, पुन्हा लोणचं?’ असे फोन सुरू होतात. बंद करायचं बटण वडिलांच्या हाताशी असावं, असं मला वाटतं. ते बटण बंद करतील आणि नेमके तेव्हाच पडतील, या भीतीवर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गळ्यातलं धोक्याचं बटण, सकाळ-संध्याकाळचा फोन, शेजाऱ्यांकडे एक किल्ली यांनी ती कमी होते, जात नाही. मात्र ऐंशी वर्षांच्या माणसाने थोडा धोका पत्करून एकांत मागितला, तर तो मागायचा हक्क त्याचा आहे. मुलाला तरीही कॅमेरा हवाच असेल, तर त्याने आधी ते ॲप वडिलांच्या हातात देऊन त्यांना ते स्वतः पाहू द्यावं आणि मग विचारावं, कारण त्यात आपण कसे दिसतो हे बहुतेक म्हाताऱ्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.