विषयांचा रकाना

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात संगमेश्वर, दयानंद की वालचंद कॉलेज, यावर घरोघरी खल सुरू होतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरताना अख्खं घर मोबाइलवर वाकलेलं असतं. विषयांचा रकाना मात्र दोन मिनिटांत उरकतो. खरी मेख तिथंच आहे. कॉमर्सला गणित नको म्हणून चिटणिसाची कार्यपद्धती घेतली की पुढं संख्याशास्त्राची वाट अवघड होते. सायन्सला गणित सोडून नुसतं जीवशास्त्र ठेवलं, तर इंजिनिअरिंगचं दार बहुधा बंदच. आणि हे ठरवतं कोण? बऱ्याचदा शेजारच्या मुलाचे टक्के!

आर्ट्स म्हणजे कमी गुणवाल्यांची शाखा, या समजाची तर मला चीड येते. स्पर्धा परीक्षेला बसणारी पोरं पुढं इतिहास, भूगोल, राज्यशास्त्राचीच पुस्तकं उघडतात, तीही क्लासची फी भरून.

साखर पेठेत यंत्रमागावर उभे असलेले वडील म्हणतील, "आम्हाला त्यातलं काय कळतंय?" पण कुणी न सांगता पोरगी कुठलं पुस्तक घेऊन बसते, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. फॉर्म भरताना त्यांनाही शेजारी बसवा.