पाठवलेले आणि पोहोचलेले

दहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकविताना एक प्रश्न गेली काही वर्षे माझी पाठ सोडीत नाही. तो व्याकरणाचा नाही. शिक्षकाने आपल्याजवळचे सारे विद्यार्थ्यांकडे पाठविले, म्हणजे ते त्याने दिले, असे म्हणता येईल काय?

प्रश्नाचे मूळ २०२० सालच्या पावसाळ्यात आहे. त्या वर्षी मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे शासनाने जाहीर केले. मी घोटीच्या एका शाळेत शिकविते. आम्हीही इतरांप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅपवर वर्गवार गट केले. रोज रात्री जेवणे आटोपली की मी बसत असे. पत्रलेखनाचे नमुने, कवितांची रसग्रहणे, भाषणे, व्याकरणाचे नियम, सारे टंकून, कधी आवाजात ध्वनिमुद्रित करून मी पाठवी. बोटाच्या एका स्पर्शासरशी माझे श्रम साठाहून अधिक घरांत जात. पडद्यावर निळ्या खुणा उमटल्या की मला एक प्रकारची धन्यता वाटे. आज ते सांगताना थोडी लाज वाटते.

घोटी हे भाताचे गाव. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याला ते एक गजबजलेले नाके वाटेल, परंतु आसपासच्या वाड्यापाड्यांचे भात कांडले जाते ते येथील गिरण्यांत. जुलैमध्ये आवणीच्या दिवसांत घरातील धडधाकट माणूस चिखलात असतो, मग तो दहावीत असो वा नसो. पाऊस लागला की वीज जाते, आणि विजेच्या मागोमाग मोबाइलची रेंज. बहुतेक घरांत फोन एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. हे सारे मला ठाऊक नव्हते असे नाही. येथे इतकी वर्षे काढलेल्या बाईला ते ठाऊक नसेल कसे? परंतु निळ्या खुणा पाहताना मी ते विसरत असे.

टाकेदच्या रस्त्यावरील एका वाडीतील मुलगी त्या वर्गात होती. तिचे वडील गिरणीत कामाला होते. फोन त्यांच्याबरोबर रात्री आठला घरी येई आणि पहाटे पुन्हा निघून जाई. मधल्या वेळात ती मुलगी माझे पाठविलेले वहीत उतरवून घेई. इतरांचे फोन त्यांच्याजवळच असल्याने त्यांना उतरविण्याचे कारण नव्हते. मजकूर ‘सेव्ह’ केला की काम झाले.

पुढे शाळा उघडल्यावर मी सराव परीक्षा घेतली. सांडपाण्याच्या तक्रारीसंबंधी ग्रामपंचायतीला पत्र लिहावयाचे होते. पेपर तपासू लागले आणि तिसऱ्या-चौथ्या पेपरलाच थबकले. प्रत्येकात तेच वाक्य, तीच चूक. ‘वी वॉन्ट टू डिस्कस अबाउट धिस प्रॉब्लेम.’ ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येत नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून सांगते. मूळ नमुना काढून पाहिला. चूक माझीच होती. कोण्या रात्री डोळ्यांवर झापड असताना मी ते लिहून गेले होते. चाळिसाहून अधिक मुलांनी ते पाठ केले होते, आणि एकालाही ते खटकले नव्हते.

एका पेपरात मात्र ‘अबाउट’ नव्हते. मी त्या मुलीला बोलावून विचारले. ती म्हणाली, “मॅडम, नववीत तुम्हीच सांगितलं होतं ना, तसं लिहिलं. तुमचं चुकलं असेल असं नाही वाटलं. मला वाटलं, माझ्याच उतरवण्यात काही राहिलं असेल.”

यावरून हालअपेष्टांनी तिला शहाणे केले असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा निष्कर्ष काढणे मला पाप वाटते. मी पाठविलेल्यापैकी जेमतेम तिसरा हिस्सा तिच्या वहीत होता. ध्वनिमुद्रणे तिने एकही ऐकली नव्हती, त्यासाठी लागणारा डेटा वडिलांच्या फोनमध्ये नसे. जे तिच्यापर्यंत पोहोचले नाही, ते मी तिला दिले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि जे बाकीच्यांपर्यंत पोहोचले, ते तरी त्यांचे झाले होते का?

उतरवून घेणे म्हटले की मला फादर स्टीफन्स आठवतात. इंग्रजी शिकविणाऱ्या मराठी बाईला त्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण त्यांनी नेमका उलटा प्रवास केला. १५७९ साली हा इंग्रज गोव्यास आला, आपली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापले गेले. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी जी आवृत्ती काढली, तीही अशाच हातांनी उतरविलेल्या प्रतींच्या आधारे. त्या नकलाकारांनी चुका केल्या असतील, काही ठिकाणी दुरुस्त्याही केल्या असतील. परंतु प्रत्येक ओवी कोणाच्या तरी डोळ्यांखालून आणि बोटांतून गेली होती. माझे पत्र चाळीस फोनांमधून गेले आणि कोणाच्याही डोळ्यांखालून गेले नाही.

एक माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो काय, हा प्रश्न संत ऑगस्टीनने आपल्या मुलाशी झालेल्या संवादात फार पूर्वी उपस्थित केला होता. शब्द स्वतःहून काही शिकवीत नाहीत, ऐकणारा आपल्या अंतर्यामी त्यांची पारख करतो, असे त्याचे म्हणणे. संत थॉमस अक्वायनसने त्यास वैद्याचा दृष्टान्त जोडला. रोगी बरा होतो तो त्याच्या आतल्या शक्तीने, वैद्य केवळ तिला साहाय्य करतो. शिक्षकाचेही तसेच. हे मी शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी वाचले होते आणि परीक्षेत लिहून विसरले होते. मी औषध पाठवीत राहिले, नाडी कोणाचीही पाहिली नाही.

कायद्याची बाजू या देशात बरीचशी उदार आहे. दिल्ली विद्यापीठातील रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या विदेशी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापनासाठी केलेल्या प्रतींना जी सवलत आहे, तिचा आधार घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली प्रकाशकांचे म्हणणे फेटाळले. मला तो निर्णय योग्य वाटतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचा प्रघात पाडला. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ जणांना वाटून दिली. ज्ञान दडवून ठेवणारा मनुष्य माझ्या लेखी शिक्षक नव्हेच.

म्हणून “फुकट मिळाले की किंमत राहत नाही, काही देऊच नका,” हा काही सहकाऱ्यांचा सल्ला मला पटत नाही. विकत घेण्याची ऐपत असणाऱ्याच्या तोंडी ते शोभते. वाडीवरच्या मुलाने किंमत कशाने मोजावी?

मी पाठविणे सोडले नाही. परंतु आता प्रत्येक पाठाच्या चार छापील प्रती माझ्या टेबलावर असतात. ज्याच्या घरी फोन नाही तो विचारल्याशिवाय उचलून नेतो. आणि पत्रे मी अर्धवट पाठविते. मायना आणि पहिले दोन परिच्छेद माझे, पुढचे त्यांचे. कधी मुद्दाम एक चूक ठेवते आणि ती शोधावयास सांगते.

गतवर्षी एक मुलगा मधल्या सुट्टीत आला. दहावीनंतर त्याला नाशिकला आयटीआयला जावयाचे होते, त्यापुरते गुण हवे होते. तो म्हणाला, “मॅडम, क्लासला जाणाऱ्या पोरांना पूर्ण पत्र मिळतं. आम्हालाच अर्धं का?”

मी त्याला बरेच समजावून सांगितले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. पटले म्हणून नव्हे, बाई बोलत आहेत म्हणून. घंटा झाली. तो वर्गाकडे वळला तेव्हा मी त्याला परत बोलावले, खणातून जुना पूर्ण नमुना काढला आणि त्याच्या हाती ठेवला. त्यात ‘अबाउट’ तसाच राहिला आहे, हे मला तो गेल्यावर आठवले.