द्राक्षांचें गांव

माघ-फाल्गुनांत कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून डहाणूकर कॉलनीपर्यंत हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग दिसूं लागतात. हीं कोठलीं, असें विचारलें असतां विक्रेता निःशंकपणें "नाशिकचीं" किंवा "तासगांवचीं" म्हणून सांगतो. तो खोटें बोलतो असें नव्हे. पहाटे गुलटेकडीच्या बाजारांत जें कानीं पडलें तेंच तो सांगतो. कौटिल्यानें धान्यांत व तेलांत भेसळ करणारास बारा पण दंड सांगितला आहे. पण येथें दंड करावा असा लबाड कोणीच नाहीं, आणि तरीहि सत्य वाटेंत हरवलेलें असतें.

परदेशीं जाणाऱ्या द्राक्षांचें तसें नाहीं. २००३ सालीं युरोपांत भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सांपडला आणि सारा व्यापार धोक्यांत आला. पुढें २००६ सालीं 'अपेडा' या संस्थेनें 'ग्रेपनेट' ही व्यवस्था उभारली. बागेची कृषिखात्याकडे नोंदणी, नमुन्याची प्रयोगशाळेंत तपासणी आणि पेटीवर खूण. त्या खुणेच्या आधारें माग काढीत थेट मूळ बागेपर्यंत येतां येतें. या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ-प्रयोगशाळा आपल्या पुण्याजवळच, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत आहे.

मग जें परक्यास सांगतां येतें तें शेजाऱ्यास कां सांगूं नये? व्यवहारी मनुष्य म्हणेल, परका माल परत पाठवूं शकतो. उत्तर खरें आहे, परंतु त्याचा अर्थ भयंकर आहे: आपण काय खातों हें जाणण्याचा अधिकार खाणाऱ्याच्या मनुष्यपणावर नव्हे, तर त्याच्या नाकारण्याच्या बळावर ठरतो. पोटाला हा भेद कळत नाहीं.

कायद्याकडे पाहावें, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या अठराव्या कलमानें शेतकरी व शेतावरचें पीक यांस वगळलें आहे. यामागील दयाबुद्धि मी हंसण्यावारी नेणार नाहीं. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळें युरोपनें भारतीय द्राक्षें अडविलीं, तेव्हां तें रसायन आपल्या तपासणीच्या यादींतच नव्हतें. यादी करणारे निराळे. नुकसान मात्र बागाईतदाराचें! माग काढावयाचा तर तो बागेशीं न थांबतां औषधाची शिफारस करणारापर्यंत गेला पाहिजे, नाहीं तर नांव कळणें म्हणजे दुबळ्यास पकडणें एवढेंच होईल.

तसें पाहिलें तर अडत्याच्या पट्टीवर बागाईतदाराचें नांव असतेंच. तें गुलटेकडीपर्यंत येतें, आणि हातगाडीवर चार बागांचा माल एका ढिगांत ओतला कीं पुसलें जातें. तें पुढें चालवावयाचें तर एक चिठ्ठी लागेल, निराळा ढीग लागेल, आणि त्याचा खर्च भावांत दिसेल. किलोमागें चार रुपये अधिक देऊन नांवाचीं द्राक्षें घेणारीं घरें आपल्या पेठांत व कॉलन्यांत किती निघतील, हें तो हातगाडीवाला आपल्यापेक्षां बरें ओळखून आहे.