पुसता न येणारी पाटी

आमच्या गल्लीतील एका मुलीने गेल्या वर्षी एक नेम धरला होता. रोज एक मिनिट इंग्रजीत बोलायचे आणि ती चित्रफीत समाजमाध्यमावर ठेवायची. शिकवणीची फी घरच्यांना परवडणारी नव्हती. शिवाय इंदूरात आम्हा लोकांना मराठी घरात भेटते, हिंदी रस्त्यावर, आणि इंग्रजी बहुधा नोकरीच्या जाहिरातीत. बोलायला माणूस नाही म्हणून ती भ्रमणध्वनीशी बोलू लागली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हापासून असे शिकणारे गावोगाव दिसतात. त्यांतील कित्येकांना त्याचा लाभ झाला आहे. त्याविषयी आमचा वाद नाही.

एके दिवशी ती ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणाली. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून, खाली हसरे चेहरे चिकटवून पाठवला. फिरत फिरत तो आमच्या आप्तांच्या व्हॉट्सॲप समूहावर आला. आम्ही हसलो. एवढेच नव्हे, तर तो पुढे दोघांना पाठवलाही. दोन दिवसांनी तिच्या साऱ्या चित्रफिती नाहीशा झाल्या.

या हसण्यात आमच्याकडून नेमका कोणता अपराध घडला, याचा विचार करू लागलो तेव्हा प्रथम बचावच सुचला. चूक ती चूक. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने हसूही नये काय? परंतु ती चूक तरी नीट पाहावी. मालकी सांगण्यासाठी मराठीत निराळे क्रियापद लागत नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ येथे ‘असणे’ हेच ते काम करते. त्या ‘आहेत’ला कोठेतरी जागा द्यावी म्हणून तिने ‘ॲम’ घेतले असावे, आणि शिकलेले ‘हॅव’ही सोडले नाही. म्हणजे मुलगी विचार करीत होती. मराठी ही ज्यांची पिढीजात भाषा, त्या बेने इस्रायल समाजातील कवी निस्सिम इझिकेल यांनी अशाच इंग्रजीत मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाची कविता लिहिली. ती वाचतानाही आम्ही असेच हसलो होतो. पण पुष्पाबाई कवितेतल्या. त्यांना गल्लीतून ये-जा करायची नव्हती.

चुका आम्हीही थोड्या केल्या नाहीत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला समोर ठेवून आम्ही जे इंग्रजी पाजळले, ते आज कोणी वाचून दाखवले तर तोंड लपवावे लागेल. पण ते पाटीवर होते. मास्तर कान पिळीत, दुसरे वाक्य घालीत, ओले फडके फिरले की काम संपले. साक्षीदार चाळीस, आणि तेही पुढच्या तासाला चुकणारेच. मास्तरही हसत असत, पण हसल्यावर शिकवण्याचे ओझे त्यांच्यावर होते. आम्ही हसलो ते कोणतेही ओझे न घेता, आणि ज्या पाटीवर हसलो ती पुसणे त्या मुलीच्याही हाती उरले नव्हते.

यातली खरी बोच निराळी आहे. पुण्यात एका नातेवाइकांकडे ‘चहा बनवला’ असे आमच्या तोंडून गेले, तेव्हा ‘चहा करतात हो, बनवतात ते हिंदीत’ असे म्हणून मंडळी हसली होती. वीस वर्षे झाली. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही. उलट, एखादा परदेशी पाहुणा सभेत दोन मोडकी मराठी वाक्ये बोलला की आम्हीच टाळ्या वाजवतो. मोडकेपणाने तिन्ही बोलणी सारखीच. मग एकाला टाळ्या आणि दोघांना हसू का? आम्ही भाषा ऐकतच नव्हतो, बोलणाऱ्याची पायरी पाहत होतो, असेच म्हणावे लागते. शुद्धतेचा आग्रह हा बचाव येथे लंगडा पडतो.

गेल्या महिन्यात ती दुधाच्या दुकानावर भेटली. तो तुकडा आमच्याकडूनही पुढे गेला, हे तिला ठाऊक आहे की नाही, कळण्यास मार्ग नाही. काही भरपाई करावी म्हणून आम्ही इंग्रजीत तिच्या अभ्यासाची चौकशी केली. आमच्याही वाक्यात बहुधा काही चुकले असावे. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “बरं चाललंय, काका.”